‘मुंज्या’ कुणी पाहावा?

दारव्ह्यात मे महिन्यात दुपारी बाराच्या पुढे रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही. त्यामुळे सुट्टीत गल्लीतली मुलं माझ्याकडे पुस्तकं वाचायला येतात. अर्धा तास वाचतात आणि उरलेला वेळ कुलरसमोरच्या जागेसाठी भांडतात. शनिवारी सिनेमा असतो. कोणता लावायचा ते मुलंच हात वर करून ठरवतात. २०२५च्या उन्हाळ्यात एका शनिवारी ‘मुंज्या’ सात विरुद्ध दोन मतांनी निवडून आला. मी म्हटलं, आधी मी पाहते, मग सांगते. त्यावर आठवीतला एक जण म्हणाला, “काकू, तुमी पाहाल अन् मंग म्हणाल, मोठे झाल्यावर पाहा. आमी तं मोबाइलवर कवाचाच पाहिला.”

त्याच संध्याकाळी पाचवीतल्या एका मुलाची आई फाटकाशी थांबली. “ताई, पोराले चालते का हा पिक्चर?”

हा लेख म्हणजे त्या प्रश्नाचं उत्तर आहे. ते द्यायला मला वाटलं होतं त्यापेक्षा बराच जास्त वेळ लागला.

आधी सरकारी उत्तर पाहू. आदित्य सरपोतदार दिग्दर्शित ‘मुंज्या’ ७ जून २०२४ रोजी प्रदर्शित झाला आणि त्याला यू/ए प्रमाणपत्र मिळालं. या वर्गाचा जुना अर्थ असा, की सिनेमा सगळ्यांसाठी खुला आहे, पण बारा वर्षांखालच्या मुलांच्या बाबतीत पालकांनी विचार करावा. १९८३पर्यंत आपल्याकडे सिनेमा एक तर सर्वांसाठी असे किंवा फक्त प्रौढांसाठी. यू/ए ही मधली पायरी तेव्हा आली. सिनेमॅटोग्राफ कायद्यात २०२३ साली दुरुस्ती होऊन त्या पायरीचे आता सात, तेरा आणि सोळा वर्षं असे तीन भाग झाले आहेत. पण हे आकडे पालकांच्या माहितीसाठी आहेत, पालकांशिवाय दुसऱ्या कुणी त्यांची सक्ती करायची नाही, असं कायदाच सांगतो. म्हणजे सरकार पाटी लावून बाजूला होतं. निर्णय शेवटी फाटकाशी उभ्या असलेल्या त्या आईकडेच येतो आणि ती तो माझ्याकडे आणते.

सिनेमाची गोष्ट थोडक्यात अशी. १९५२ साल, कोकणातलं एक गाव. गोट्या नावाच्या पोराचं त्याच्याहून वयाने मोठ्या मुन्नीवर मन बसलेलं. घरचे त्याची मुंज लावून देतात. मुन्नीचं लग्न दुसरीकडे ठरतं. ती मिळावी म्हणून गोट्या चेटुकवाडीतल्या झाडाखाली स्वतःच्या धाकट्या बहिणीचा, गीताचा, बळी द्यायला निघतो आणि त्या झटापटीत स्वतःच मरतो. मुंज होऊन थोड्याच दिवसांत मेलेला, म्हणून मुंज्या होतो. आजच्या काळात पुण्यातला बिट्टू हा भित्रा, चष्मिष्ट मुलगा आईच्या ब्युटी पार्लरमध्ये हाताखाली काम करतो आणि लहानपणापासूनच्या मैत्रिणीवर, बेलावर, मुकाट्याने प्रेम करतो. त्याची आजी म्हणजेच ती गीता. मुंज्या रक्ताच्या नातेवाइकाच्याच मागे लागतो, त्यामुळे तो बिट्टूच्या मानगुटीवर बसतो आणि एकच धोशा लावतो: मुन्नीला शोध, माझं लग्न लावून दे.

शुक्रवारी रात्री मी तो एकटीने पाहिला. ‘चालेल का’ या एका प्रश्नात निदान तीन प्रश्न आहेत, हे मला तेव्हा जाणवलं. मूल घाबरेल का? त्यातल्या मरणाचं मूल काय करेल? आणि हसताना मूल कुणाच्या बाजूने हसेल? प्रमाणपत्र देणाऱ्यांचं आणि आपलंही बहुतेक लक्ष पहिल्यावरच असतं.

पहिला प्रश्न त्यातल्या त्यात सोपा आहे. हा मुंज्या संगणकावर घडवलेला आहे, दात विचकतो, माकडासारखा उड्या मारतो, बडबड करतो. सुरुवातीचा १९५२चा भाग खरोखर भीतिदायक आहे, कारण तिथे भूत नाही, एक पोरगा आहे आणि त्याच्या हातात शस्त्र आहे. पुढची भीती मात्र नियमांत बांधलेली आहे. भूत कुठे राहतं, कुणाला धरतं, कशाने सुटतं, हे सगळं सांगितलेलं आहे. मुलांना नियम असलेली भीती आवडते. आमच्याकडची पोरं ‘शकुंतला’ बंद पडल्यापासून ओस पडलेल्या मोतीबाग स्टेशनवर एक भूत राहतं असं सांगतात आणि त्या भुतालाही वेळापत्रक आहे. सरपोतदारांनी २०१७ साली ‘फास्टर फेणे’ केला होता. पोरासोरांना खुर्चीच्या टोकावर कसं बसवायचं हे त्यांना कळतं. दहा वर्षांवरच्या मुलाने या भीतीमुळे पाहू नये असं मला वाटत नाही. त्याखालच्यांना पहिली पंधरा-वीस मिनिटं जड जातील.

म्हणून शनिवारी दहाच्या वरच्यांना बसू दिलं. दोघा धाकट्यांना चित्रकलेच्या वह्या देऊन आतल्या खोलीत बसवलं. ते पाच मिनिटांत दाराच्या फटीशी आले, ही गोष्ट वेगळी.

दुसरा प्रश्न अनपेक्षित ठिकाणाहून आला. मुंजीचं दृश्य सुरू होतं. सहावीतल्या एकीने विचारलं, “काकू, मुंज म्हणजे काय?” खोलीतल्या नऊ मुलांपैकी एकाच्याही घरात मुंज होत नाही. मुंजा त्यांना माहीत होता. पिंपळाच्या पारावर शेंदूर लावलेला दगड, त्याला नारळ फोडतात, तो गावाची राखण करतो. तो कुणाचा तरी मुंज झालेला आणि अकाली गेलेला मुलगा असतो, हे त्यांना ठाऊक नव्हतं. मी सिनेमा थांबवून सांगितलं. त्यावर तो पाचवीतला मुलगा म्हणाला, “मंग आमच्यात मेलं तं काय होते?”

सगळे हसले. तोही हसला. पण तो उत्तराची वाट पाहत होता. २०१७च्या फवारणीच्या हंगामात आमच्या जिल्ह्यात कीटकनाशकांच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. त्याचे वडील त्यानंतर दोन वर्षांनी गेले, वेगळ्या कारणाने. त्या कारणाचा त्याच्या घरात उच्चार होत नाही. मी म्हटलं, माणूस मेला की त्याची आठवण राहते, बाकीचं लोकांनी रचलेलं असतं. त्याला हे पुरलं नाही, हे मला दिसलं. मी सिनेमा पुन्हा सुरू केला.

पुढे तो एकदाच बोलला. आपल्या वडिलांच्या मृत्यूचा संबंध चेटुकवाडीशी आहे, हे बिट्टूला इतकी वर्षं घरात कुणी सांगितलेलं नसतं. ते उघड होतं तेव्हा तो म्हणाला, “त्याले अगोदर काऊन नाही सांगतलं?” हा प्रश्न सिनेमाच्या वर्मावर बोट ठेवणारा आहे. बिट्टू भित्रा का झाला, त्याला नको ते भास का होतात, याचं मूळ घरातल्या या गप्प राहण्यात आहे. पटकथेत ते आहे, पण पटकथेला त्याच्यापाशी थांबायला सवड नाही. आजीच्या मृत्यूचंही तेच. सुहास जोशींनी आजी अशी उभी केली आहे की सिनेमातली सगळी ऊब तिच्यापाशी आहे. तिला भूत मारतं, आणि थोड्याच वेळात आपण पुन्हा विनोदावर येतो. माझ्या खोलीत त्यानंतरच्या दोन विनोदांना कुणी हसलं नाही. सिनेमात मरण आहे म्हणून तो मुलांना वर्ज्य, हे मला मान्य नाही. आमच्या जिल्ह्यातल्या अनेक मुलांनी मरण जवळून पाहिलंय. सिनेमा मरणापुढे थांबत नाही, ही माझी तक्रार आहे.

आता तिसरा प्रश्न, जो मला शुक्रवारी रात्री सुचला होता, पण ज्याचं वजन नंतर कळलं.

इथे ‘झपाटलेला’ची आठवण काढावी लागेल. १९९३चा महेश कोठारेंचा हा सिनेमा माझ्या वयाच्या प्रत्येकाने कोवळ्या वयात पाहिला आणि घरातल्या बाहुल्यांकडे काही दिवस पाठ केली. त्याची कल्पना ‘चाइल्ड्स प्ले’ या १९८८च्या अमेरिकी सिनेमावरून आलेली. तिकडे तो मोठ्यांचा भयपट होता, इकडे घरची सगळी माणसं ताटं घेऊन बसून पाहायची. कथेचा सांगाडा तोच, पण लक्ष्मीकांत बेर्डेंची धांदल, रामदास पाध्येंची बाहुली आणि दिलीप प्रभावळकरांचा तात्या विंचू यांनी त्याची जातच बदलली. तेव्हा विषयावरून नाही, वागणुकीवरून ठरतं. पण त्यात एक गोष्ट होती. तात्या विंचू हा मोठा माणूस होता, अट्टल गुन्हेगार. त्याची नक्कल करताना आम्हाला माहीत असायचं की आपण वाईट माणसाची नक्कल करतोय. आमचा जीव लक्ष्यासाठी तुटायचा.

मुंज्या स्वतः पोरगा आहे. आईचा मार खाल्लेला, मन मोडलेला, खोडकर. बारा-तेरा वर्षांच्या मुलाला सिनेमातला सगळ्यात जवळचा माणूस तोच वाटतो, आणि सिनेमातले सगळ्यात जास्त हशे त्याच्याच वाट्याला आले आहेत. त्याचा हट्ट एकच: जी नको म्हणते किंवा जिला विचारलंही नाही, तिच्याशी लग्न. मुन्नी आता म्हातारी झालीय म्हटल्यावर तो तिच्या नातीकडे, बेलाकडे वळतो. हे भयंकर आहे आणि सिनेमालाही ते भयंकर वाटतं, यात शंका नाही. हट्टी गोट्या आणि मुका बिट्टू अशी दोन पोरं समोरासमोर ठेवून लेखकांनी नेमकं हेच म्हणायचा प्रयत्न केलाय: प्रेम म्हणजे ताबा नव्हे. मोठ्या माणसाला ते कळतं. पण ते कळतं शेवटी, आणि हसू येतं पहिल्यापासून. शिवाय एक ओरबाडतो, दुसरा बोलत नाही, या दोघांच्या मधे मुन्नीला काय वाटत होतं, हे सिनेमा थांबून विचारत नाही.

सोमवारी ते माझ्या अंगणात आलं. सातवी-आठवीतल्या तीन मुलांनी मुंज्याचा आवाज काढून सहावीतल्या त्या मुलीच्या मागे लग्नाचा घोष लावला. चपला घालेपर्यंत, फाटकापर्यंत, गल्लीच्या टोकापर्यंत. मंगळवारी ती आली नाही, बुधवारीही नाही. मी तिच्या घरी गेले. ती म्हणाली, “त्यायले हसू येते. मले नाही येत.”

सिनेमाने ती मुलं बिघडवली असं मी म्हणणार नाही. सिनेमा नसता तर दुसरं काहीतरी सापडलं असतं. पण हसायचं कुठल्या बाजूने, याचा सराव त्यांना दोन तास मिळाला होता, आणि तो देताना मी खोलीत होते. मी मुंजीपाशी सिनेमा थांबवला. मुन्नीपाशी थांबवला नाही.

गुरुवारी मुलांना एकच काम दिलं. ही गोष्ट मुन्नीने सांगितली तर कशी सांगेल, ते लिहा. त्या तिघांपैकी दोघांनी पान कोरं दिलं. सुचतच नाही म्हणाले. त्यांच्या कोऱ्या पानांना मी सिनेमाचं सगळ्यात खरं परीक्षण मानते. परत आलेल्या त्या मुलीने चार ओळी लिहिल्या. तिची मुन्नी म्हणत होती की मी गोट्याला चिंचा देत होते, कारण त्याला चिंचा आवडायच्या, बस्स.

तर माझा निवाडा असा. ‘मुंज्या’ तेरा वर्षांवरच्या मुलांनी जरूर पाहावा, मजा आहे. दहा ते बाराच्या मुलांनी मोठ्या माणसाबरोबर पाहावा, आणि त्या मोठ्या माणसाच्या हातात रिमोट असावा. दहाच्या खाली नको. भूत हे त्याचं अर्धंच कारण आहे. कुणावर हसायचं आणि कुणासाठी गप्प बसायचं हे वेगळं करता येण्याचं ते वय नाही.

फाटकाशी उभ्या राहिलेल्या आईला हे एवढं सांगता येईना. मी म्हटलं, “पिक्चर चालतो. पण तो काही विचारतो, त्याचं उत्तर द्या.” वडिलांबद्दल तो काय म्हणाला, तेही सांगितलं.

ती बराच वेळ फाटकाच्या कडीशी चाळा करत राहिली. मग म्हणाली, “उत्तर द्याचंच तं भेव लागते, ताई.”

पुढच्या शनिवारी पोराला सोडायला आली, ती परत गेली नाही. उंबऱ्यावर बसली. त्या दिवशी आम्ही ‘झपाटलेला’ लावला होता.