‘द आय ऑफ द स्टॉर्म’ : दोन दिवसांची उतरंड

विल्यम पीटर्स यांनी एबीसी वाहिनीसाठी १९७० साली केलेला ‘द आय ऑफ द स्टॉर्म’ हा माहितीपट अर्ध्या तासात संपतो. आयोवा राज्यातलं राइसव्हिल हे लहानसं गाव, तिसरीचा वर्ग, सगळी मुलं गोरी. ४ एप्रिल १९६८ रोजी मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली. दुसऱ्याच दिवशी जेन एलियट या शिक्षिकेने डोळ्यांच्या रंगावरून वर्गात उच्च-नीच ठरवलं. तोच प्रयोग १९७० च्या वर्गात कॅमेऱ्यासमोर झाला.

बंधुत्व सप्ताह चालू आहे. कुणाशी आपण भावासारखं वागत नाही, असं बाई विचारतात आणि मुलं पटापट उत्तरं देतात. त्यांच्यासारखं वागवून घेतलं तर कसं वाटेल, पाहायचंय का? मुलं आनंदाने हो म्हणतात. आठ वर्षांच्या मुलाने लाडक्या बाईंना दिलेल्या या होकाराला कितपत संमती म्हणायचं, हा प्रश्न तिथपासूनच पाठीला लागतो. माहितीपट तो प्रश्न बोलून दाखवत नाही, पण होकार देणारे चेहरे नीट दिसू देतो.

पहिला दिवस निळ्या डोळ्यांचा. त्यांना पाच मिनिटं जास्त सुट्टी. तपकिरी डोळ्यांच्या मुलांच्या गळ्यात लांबून ओळखू येईल अशी कापडी कॉलर, आणि पाणी प्यायला कागदी पेले. त्या पेल्यांपाशी मी अडखळले. शाळेत शिपायाने नळ सोडल्याशिवाय पाणी मिळत नसे, शिपाई नसला की तहान मारावी लागे, हे बाबासाहेबांनी स्वतःच्या बालपणाबद्दल लिहून ठेवलं आहे.

या साऱ्यात मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो एक छोटा संवाद. निळ्या डोळ्यांची माणसं हुशार असतात, असं बाई सांगतात. एक मुलगा आपल्या वडिलांची बाजू घेतो. त्यांचे डोळे तपकिरी. त्यांनी तुला लाथ मारली, असं तू एकदा वर्गात सांगितलं होतंस ना, असं बाई विचारतात. तो कबूल करतो. मग, निळ्या डोळ्यांचे वडील असं करतील का? आणि लगेच निळ्या डोळ्यांच्या, मुलांना कधीही न मारणाऱ्या वडिलांची उदाहरणं येतात. भेदभावाचं सगळं तंत्र या चार वाक्यांत आहे: एकाचं वागणं उचलायचं आणि अख्ख्या जमातीच्या माथी मारायचं. यापेक्षा नेमका धडा मी कुठल्या पाठ्यपुस्तकात पाहिलेला नाही. पण तो गिरवायला वापरलं काय, तर मुलाने विश्वासाने सांगितलेलं घरातलं दुखणं, आणि तेही वर्गमित्रांसमोर. दुसऱ्या दिवशी कॉलर निघेल, पण ते वाक्य कसं परत घ्यायचं?

पुढचं सगळं भराभर घडतं. मैदानात ‘तपकिरी डोळ्यांचा’ ही शिवी होते आणि एक मुलगा चिडवणाऱ्याच्या पोटात गुद्दा मारतो. ते लोक हाताबाहेर गेले तर असू द्या म्हणून मोजपट्टी टेबलावर ठेवा, असंही एक मूल बाईंना सुचवतं. हे त्याला कोणी शिकवलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पारडं फिरतं. आदल्या दिवशी ज्या गटाला वाचनाची कार्डं संपवायला साडेपाच मिनिटं लागली, तोच आता अडीच मिनिटांत ती संपवतो. काल काय झालं होतं? डोक्यात कॉलरच होती, असं मुलं सांगतात. अपमान बुद्धीवर कसा बसतो, हे घड्याळ लावून दाखवणारा हा प्रसंग अस्सल आहे. शेवटी मुलं कॉलरी कचऱ्यात टाकतात आणि एकमेकांना बिलगतात, तेव्हा माझेही डोळे भरून येतात.

चौदा वर्षांनी, १९८४ मध्ये, यातले काही विद्यार्थी पुन्हा जमले. ते ‘अ क्लास डिव्हायडेड’ या १९८५ च्या माहितीपटात दिसतात. झालेला त्रास सार्थकी लागला, असं ते मनापासून म्हणतात. माझा त्यांच्यावर विश्वास आहे. पण तो निवाडा त्यांच्या स्वतःच्या बालपणापुरता आहे. उद्याच्या तिसरीतल्या मुलाचा होकार ते देऊ शकत नाहीत.

शिवाय राइसव्हिलच्या मुलांची कॉलर दोन दिवसांत निघणार होती, हे विसरून चालणार नाही. आपल्या वर्गात ती घरूनच घालून आलेली मुलं बसलेली असतात. आडनाव ऐकून शेजारच्याने नजर बदलली की त्यांना ती जाणवते. त्यांना हा अनुभव ‘देण्याची’ गरज नाही, आणि इतरांना धडा मिळावा म्हणून त्यांनी तो पुन्हा सोसावा, हे तर मुळीच नको. म्हणून हा प्रयोग पुन्हा करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. तो एकदा घडला आहे आणि पडद्यावर जपला गेला आहे. मुलांना तो जरूर दाखवावा. लाथेच्या प्रसंगापाशी थांबवावा आणि विचारावं, इथे बाईंचं बरोबर होतं का? आणि मुलं ‘नाही’ म्हणाली, तर ते ऐकून घ्यावं.