सुधारक ओलवे : छायाचित्रकार ते प्रशिक्षक

मराठी समीक्षेने छायाचित्रणाकडे बहुधा वृत्तपत्रीय व्यवसाय किंवा हौस म्हणूनच पाहिले आहे. त्यामुळे मूळचे अकोल्याचे आणि १९८८ पासून मुंबईत वृत्तछायाचित्रण करणारे सुधारक ओलवे यांच्याविषयी जे लिहिले जाते, ते २०१६ च्या पद्मश्रीपाशी येऊन थांबते. प्रस्तुत लेखात त्यांच्या छायाचित्रांचा आणि त्यांनी पुढे स्वीकारलेल्या प्रशिक्षकाच्या भूमिकेचा संबंध तपासावयाचा आहे.

मुंबई महानगरपालिकेच्या सफाई कामगारांवरील कृष्णधवल चित्रमालिका हे ओलवे यांचे सर्वाधिक महत्त्वाचे काम होय. मॅनहोलमध्ये उतरलेला देह, हाताने उपसला जाणारा गाळ, कामगारांची घरे आणि कुटुंबे हे सारे त्यांनी जवळून टिपले आहे. येथे कॅमेरा वरून डोकावत नाही, तो कामगाराच्या पातळीवर उतरतो. १८६८ ते १८७५ या काळात आठ खंडांत प्रसिद्ध झालेल्या ‘द पीपल ऑफ इंडिया’मध्ये माणसे जातीजमातींचे नमुने म्हणून मांडली गेली. ओलवे यांच्या चौकटीत जात आहे, परंतु नमुना नाही. श्रमाने थकलेली विशिष्ट व्यक्ती आहे. मैला वाहून नेण्याच्या प्रथेविरुद्ध १९९३ मध्ये आणि पुन्हा २०१३ मध्ये कायदे झाले, तरी ही चित्रे कालबाह्य झालेली नाहीत, हे खेदाने नोंदवावे लागते.

तथापि एक आक्षेप उरतोच. कृष्णधवल माध्यमात घाणीलाही एक चकाकी येते. ओल्या देहावरील प्रकाश डोळ्यांना सुखावतो आणि प्रेक्षक रचनेचे कौतुक करून मोकळा होतो. शिवाय छायाचित्रकार कितीही आत्मीय असला तरी चौकट त्याचीच असते. कामगार दिसतो, तो स्वतः काय पाहतो, हे कळत नाही.

ओलवे यांच्या अध्यापनाचे मोल येथे ध्यानात येते. ‘फोटोग्राफी प्रमोशन ट्रस्ट’च्या माध्यमातून त्यांनी वंचित समूहांतील तरुणांच्या हाती कॅमेरा दिला. ही निवृत्तीकाळातील समाजसेवा नव्हे. त्यांच्याच चित्रांनी उपस्थित केलेल्या प्रश्नाला दिलेले ते उत्तर आहे, असे प्रस्तुत लेखिकेचे मत आहे. मात्र गुरूच्या चित्रांची जेवढी चर्चा होते, तेवढी शिष्यांच्या चित्रांची होत नाही. त्यांच्याकडे कौतुकाने पाहिले जाते, कठोरपणे क्वचितच. आणि कठोर परीक्षण न करणे हाही उपेक्षेचाच एक प्रकार होय.

फुलचूर-गोंदिया परिसरात आज प्रत्येक विद्यार्थ्याच्या खिशात कॅमेरा आहे. आमचे विद्यार्थी सारस पक्षी टिपण्यासाठी पहाटे बांधावर जातात, आणि चित्रेही उत्तम आणतात. भातगिरणीत पोती वाहणारा हमाल मात्र त्यांच्या चौकटीत क्वचितच येतो. त्या हमालाची मुलगी आमच्याच वर्गात बसत असली तरीही. महाविद्यालयीन कार्यशाळांतून भिंग, छिद्र आणि प्रकाशवेळ शिकविली जाते. समोरच्या माणसाची संमती कशी घ्यावी आणि काढलेले चित्र त्याला परत नेऊन कसे दाखवावे, याला अभ्यासक्रमात तासिका नाही.