पापनिवेदन आणि क्षमा : दोन मराठी ख्रिस्ती आत्मचरित्रे

अनुताप आणि प्रायश्चित्त या कल्पना मराठी मनाला ख्रिस्ती धर्मामुळे प्रथम परिचित झाल्या, असे म्हणता येणार नाही. अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर हे ज्यांचे पवित्र क्षेत्र, त्या महानुभावांच्या आचारधर्मात प्रायश्चित्ताला स्थान आहे; तुकारामांच्या अभंगांतही स्वदोषांचा निःसंकोच उच्चार आढळतो. मग मराठी ख्रिस्ती वाङ्मयाने या परंपरेत कोणती भर घातली? बाबा पदमनजी यांचे 'अरुणोदय' (१८८४) व लक्ष्मीबाई टिळक यांची 'स्मृतिचित्रे' (१९३४–३६) यांच्या आधारे या प्रश्नाचा विचार करता येतो.

पश्चात्ताप, पापनिवेदन व क्षमा यांची व्यवस्था सर्व ख्रिस्ती पंथांत सारखी नाही. वर्षातून एकदा तरी धर्मगुरूपुढे पापनिवेदन करावे, असा नियम १२१५ च्या लॅटरन परिषदेने घालून दिला. प्रॉटेस्टंट पंथांनी ही सक्ती नाकारली. हे दोन्ही लेखक प्रॉटेस्टंट होत. त्यांच्या निवेदनापुढे धर्मगुरू नाही. त्याची जागा वाचकाने घेतली आहे.

पदमनजींचा बाप्तिस्मा १८५४ साली बेळगावात झाला. बालपणीचे संस्कार, मिशनच्या शाळेतील शिक्षण, परमहंस सभेशी आलेला संबंध आणि अखेरीस ख्रिस्तस्वीकार असा त्यांच्या कथनाचा क्रम आहे. या कथनात पापाला बव्हंशी भ्रांत श्रद्धेचे रूप येते. त्यामुळे पश्चात्ताप हा एका विचारप्रवासाचा निष्कर्ष ठरतो. लेखकाचा प्रामाणिकपणा निर्विवाद आहे. तथापि कबुलीला पुष्कळदा युक्तिवादाचे वळण लागते.

'स्मृतिचित्रां'त हाच विषय संसाराच्या पातळीवर येतो. १८९५ साली नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्मा घेतला आणि पतिपत्नींची ताटातूट झाली. पुढे ती एकत्र आली, तरी लक्ष्मीबाईंनी १९०० पर्यंत ख्रिस्ती धर्म स्वीकारला नव्हता. टिळकांचा संताप, त्यांचे घर सोडून जाणे, स्वतःचा हट्ट, सोवळेओवळे या कशावरही त्या पांघरूण घालीत नाहीत. दोषाचे नाव स्पष्ट घेतले जाते; मात्र त्याचा हिशेब मागितला जात नाही. ही क्षमा विनोदाच्या द्वारे व्यक्त होते, हे या ग्रंथाचे वैशिष्ट्य होय.

येथे एक आक्षेप संभवतो. टिळक १९१९ साली निवर्तले व आठवणी त्यानंतर लिहिल्या गेल्या. ज्याला क्षमा केली त्याची बाजू क्षमा करणारीच्याच लेखणीतून कळते. शिवाय विनोदामुळे दुःखाची धार बोथट होते. आक्षेप सर्वस्वी निराधार नाही. परंतु ताटातुटीच्या वर्षांतील वेदना लक्ष्मीबाईंनी लपविलेली नाही, हेही ध्यानात घेतले पाहिजे. लूकच्या शुभवर्तमानातील उधळ्या पुत्राच्या दृष्टान्ताचे येथे स्मरण होते. पुत्र कबुलीचे शब्द मनाशी जुळवून येतो. पण तो दूर असतानाच पिता धावत जाऊन त्याला मिठी मारतो आणि पुत्राचे ठरविलेले बोलणे पुरते होत नाही. क्षमा कबुलीची वाट पाहत नाही, हे त्या दृष्टान्ताचे मर्म होय.

'अरुणोदया'त हे मर्म सिद्धान्तरूपाने मान्य केलेले आहे. 'स्मृतिचित्रां'त ते आचरणात उतरले आहे. अनुतापाची भाषा मराठीत पूर्वीपासून होतीच. ज्याने दुखावले त्याच्याविषयी, तो उत्तर द्यायला उरलेला नसताना, सत्य आणि क्षमा एकत्र सांगणारे गद्य ही लक्ष्मीबाईंची देणगी होय.