हेतू सापडला म्हणजे पुरावा सापडला का?

पीएचडीला लागण्याआधी दस्तयेव्हस्कीची ‘करमाझोव्ह बंधू’ ही १८८० मध्ये पूर्ण झालेली कादंबरी वाचाच. फ्योदोर करमाझोव्ह मुलांना लहानपणीच नोकराच्या भरवशावर टाकून देतो. थोरला दिमित्री पुढे आईच्या इस्टेटीचा हिस्सा मागतो, बापाला मारहाण करतो, जीव घेण्याच्या धमक्या देतो. मग बापाचा खून होतो आणि ३,००० रूबल गायब होतात. वेगळा आरोपी शोधायचाच कशाला?

दिमित्रीचा राग खरा आहे, पण खून स्मेर्द्याकोव्हने केलाय. हेतू एकदा पटला की कोर्टात सगळं त्याच बाजूने वाचलं जातं: नशेत लिहिलेलं पत्र, हातावरचं रक्त, म्हाताऱ्या नोकराला उघडं दिसलेलं दार. प्रत्यक्षात ते दार तेव्हा बंद होतं. स्मेर्द्याकोव्ह मात्र फिट आलेला आजारी माणूस म्हणून सुटतो.

वकिलांची भाषणं फार लांबली आहेत, हे खरं. तरी ती गाळू नका. त्याच पुराव्यांवर दोन उलट गोष्टी कशा उभ्या राहतात, ते तिथे दिसतं.

वाचकाला शेवटी खुन्याची कबुली मिळते. आपल्या डेटात ती सोय नसते. म्हणून गृहीतक फारच पटायला लागलं, की आधी विचारा: हे चूक असतं, तर मला वेगळं काय दिसलं असतं?