दीड, अडीच, हितोरी

जपानी लिपीत 'एक' म्हणजे नुसती आडवी रेघ आणि 'माणूस' म्हणजे एकमेकींना टेकलेल्या दोन तंगड्या. रेघेचा उच्चार इचि, माणसं मोजताना तंगड्यांचा निन. दोन्ही शेजारी आल्यावर पुण्यातल्या वर्गात मी बेधडक 'इचिनिन' वाचलं आणि वर्ग हसला. वाचायचं हितोरी. दोन रेघा आणि माणूस, तर फुतारी. तिसऱ्या माणसाला मात्र गाडी रुळावर येते: सान्निन. (इचिनिन अगदीच वाया गेलेलं नाही. एका माणसापुरतं जेवण सांगताना ते निघतं.)

बाकीच्यांना ही कटकट वाटली. मला जळकोटातली आजोबांची लाल कापडाची वही आठवली. तीत आकड्यापुढे उभे दंड असत: एक दंड म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण. लहानपणी 'तूर १॥ पायली' हे मी 'एक अन् अर्धा' असं वाचलं होतं.

"एक अन् अर्धा काय? दीड म्हण की!"

पुढे २॥. 'अडीच' शब्दात दोनही ऐकू येत नाही आणि अर्धाही. मग ३॥ आलं की साडेतीन, साडेचार, सगळं सुतासारखं सरळ. दोन वेळा अडखळायचं आणि तिसऱ्यापासून पळायचं, हे मला हितोरी-फुतारीच्या आधीच शिकवून झालं होतं.

अडीच जरा सोलून पाहा. मुळात तो 'अर्धतृतीय', म्हणजे तिसरा अर्धा भरलेला. दीडही तसाच, दुसऱ्यातला अर्धा. 'साडे' मागे भरलेलं मोजून वर अर्धा ठेवतो, तर अडीच पुढच्या मापात हात घालून ते निम्मं भरलंय म्हणतो. धान्य मोजणाऱ्याची नजर आहे ती. साडेतीनलाही याच घराण्यातला शब्द होता, औट. तो आता औटघटकेच्या राज्यात आणि औटकीच्या पाढ्यात उरलाय. आजोबा पाढा औटकीचा म्हणायला लावत, पण गिऱ्हाइकाला साडेतीनच सांगत.

जपानीतही हेच झालं. इचि, नि, सान हे आकडे चीनहून आलेले. हितो, फुता हे घरचे. तीन माणसांना मितारी, चौघांना योतारी असे घरचे शब्द जुन्या जपानीत होते. रोजच्या तोंडातले पहिले दोन टिकले, पुढचे औटाच्या वाटेने गेले. चौघांचं हल्लीचं योनिन मात्र अर्धं घरचं, अर्धं पाहुणं. कारण चारचा चिनी उच्चार शि, आणि 'शिनिन' म्हणजे मेलेला माणूस. चौघं जण जेवायला आलेत हे असं कोण सांगेल?

मला सगळ्यात आवडतो तो पाऊस. पाच, महिना, पाऊस अशी तीन चिन्हं. वाचायचं समिदारे, जुन्या पंचांगाच्या पाचव्या महिन्यातली झड. कुठल्या चिन्हाला कुठला आवाज, अशी वाटणी करता येत नाही. तिन्ही मिळून फक्त अर्थ दाखवतात, शब्द तोंडाने आपला आणायचा. 'सा' त्या महिन्याच्या जुन्या नावातला आणि पुढे पाणी ठिबकणं, अशी त्याची फोड करतात. आपल्या पंचांगात मृग छापतात आणि शेतात मिरग म्हणतात, तसंच हे, असं मला आधी वाटलं. पण मिरग हा झिजलेला मृगच आहे. समिदारे मुळात वेगळाच शब्द, चिन्हांच्या छपराखाली येऊन राहिलेला. त्याचं खरं नातं १॥ शी.

जपान सरकारच्या २०१० च्या यादीत नेहमीच्या वापराची २,१३६ चिन्हं आहेत आणि शेवटी असल्या हट्टी वाचनांचे ११६ शब्द वेगळे जोडलेत. हितोरी, फुतारी, समिदारे त्यातच. परीक्षेला बसणारी पोरं ती जोडणी घोकतात. मी ती चवीने वाचतो, त्यामुळे मार्क बेताचेच पडतात.

जूनमध्ये गावी गेलो. झड लागली होती. वहीच्या कोऱ्या पानावर ती तीन चिन्हं काढली. पुतण्या वाकून बघत होता.

"काका, काय लिहिलंव?"

"पाच. महिना. पाऊस."

"वाचायचं कसं?"

"समिदारे."

"मग ह्यात पाच कुठंय?"

मी मागचं पान उलटलं, तुरीच्या पुढच्या २॥ वर बोट ठेवलं. "हे वाच."

"अडीच."

"ह्यात दोन कुठंय?"