गोटहार्ड खिंड : दिसणारा चढ, मोजता येणारा चढ

स्वित्झर्लंडमधील गोटहार्ड खिंड २,१०६ मीटर उंचीवर आहे. जनरल द्यूफूर यांच्या देखरेखीखाली १८४५ ते १८६५ या काळात प्रसिद्ध झालेल्या १:१,००,००० प्रमाणाच्या नकाशात तिच्याभोवतीचे डोंगर कागदातून वर उठून आल्यासारखे दिसतात. या नकाशाचे कौतुक रास्तच आहे. तरीही आमची एक तक्रार आहे.

येथे उतार बारीक रेघांनी दाखवले आहेत. उतार तीव्र, तशा रेघा गडद. शिवाय प्रकाश वायव्येकडून पडतो असे कल्पून आग्नेयेकडचे उतार अधिक काळे केले आहेत. मग एखादी बाजू काळी दिसते ती तीव्र उतारामुळे की सावलीमुळे, हे कसे कळावे? प्रत्यक्षात त्या देशात ऊन पडते ते दक्षिणेकडच्याच उतारांवर!

१८७० पासून निघालेल्या झीगफ्रीड नकाशाने डोंगराळ भागासाठी १:५०,००० प्रमाण घेतले आणि ३० मीटर अंतराच्या समोच्च रेषा दिल्या. दोन रेषांत २ मिलिमीटर अंतर असेल, तर १०० मीटर आडव्या अंतरात ३० मीटर चढ. हा नकाशा कमी देखणा, पण विद्यार्थ्याला पट्टी घेऊन तपासता येतो.

मात्र आकड्यांपुढेही मान तुकवू नये. या उंच्यांचा आधार होता जिनिव्हा सरोवरातील एक खडक. त्याची उंची ३७६.८६ मीटर धरली होती. १९०२ मध्ये ती ३७३.६ मीटर ठरली. म्हणजे डोंगर जागचे न हलता सव्वातीन मीटरने खाली आले! वर्गात नकाशा उघडताना उंची किती याबरोबरच ती कोठून मोजली, हेही विचारावे.