पडद्याआडचं शून्य

नाटकाचे समीक्षक पडदा वर गेल्यावर काय दिसलं ते लिहितात. आम्हांला पडद्यावर काय दिसलं नाही, ते लिहावं लागतंय. पडदा म्हणजे आमच्या १९९७ सालच्या कॉम्प्युटरचा, चौदा इंची, काचेचं पोट पुढे आलेला मॉनिटर.

मी सोसायटीचा खजिनदार. हिशेब डॉसमध्ये. डॉसची ओळ ८० अक्षरांची आणि थकबाकीचा शेवटचा आकडा नेमका ऐंशीव्या घरात. चिरंजीव विंडोजमध्ये पत्ते खेळत. चित्राच्या दोन्ही अंगांना काळी पट्टी राहते म्हणून त्यांनी रुंदीचं बटण पिळलं. विंडोज ऐसपैस पसरलं आणि डॉस चौकटीबाहेर गेलं. डावीकडे कोरी जागाच होती, म्हणून माझ्या लक्षात आलं नाही. उजवीकडे दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींचे १४५० रुपये १४५ झाले. त्यांनी ते जिन्यातच मोजून दिले. प्रिंटरला पडद्याशी काय देणंघेणं? महिनाअखेरीला त्याने १३०५ बाकी छापली.

"भाऊजी, तुम्हीच सांगितलेला आकडा ना?" वहिनी एवढंच म्हणाल्या. त्यापेक्षा भांडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

आता दोष कुणाचा? डॉस सेकंदाला साधारण साडेएकतीस हजार ओळी आखायला सांगतं, ८०० बाय ६०० चं विंडोज सुमारे अडतीस हजार. घाई वाढली की साध्या मॉनिटरवर ओळ आखडते. म्हणजे पात्रं दोन, मापं दोन, आणि शिंप्याने बटण दिलं एकच! काही मॉनिटर प्रत्येकाचं माप वेगळं लक्षात ठेवत. आमचा नव्हता त्यातला. बटणाखाली नुसता बाण. मुळात ते कुठे होतं याची साधी खूणसुद्धा नाही. माझी खरी तक्रार आहे ती ही.

शेवटी डॉसमध्ये ८० आकड्यांची एक ओळ टाइप केली आणि दोन्ही टोकं दिसेपर्यंत रुंदी कमी केली. विंडोजला पुन्हा काळी किनार आली. चिरंजीव कुरकुरले. म्हटलं, चित्र देखणं नसलं तरी चालेल, पुरतं दिसलं पाहिजे.

वहिनींनी उरलेले पैसे दिले. पण पुढे कित्येक वर्षं मी आकडा सांगितला की त्या विचारायच्या, "भाऊजी, पुढे शून्य नाही ना?"

शून्याला किंमत नसते म्हणणाऱ्यांनी खजिनदार होऊन पाहावं!